नळाच्या मागचा डोंगर

बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा विषय निघाला की लोक आधी बिबट्याबद्दल बोलतात, मग लहानपणीच्या वनराणीबद्दल, म्हणजे तिथल्या छोट्या आगगाडीबद्दल, आणि मग कॉलेजच्या ग्रुपसोबत कान्हेरीच्या लेण्यांना गेलो होतो त्याबद्दल. सगळं छानच आहे. पण मला आज पाण्याबद्दल लिहायचंय, कारण मागच्या वर्षी हस्ताचा पाऊस चालू असताना एक पूर्ण दिवस गाईडसोबत त्या डोंगरात फिरले आणि तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की हे जंगल आज जे काही उरलंय ते मुख्य म्हणजे पाण्यामुळे उरलंय. झाडांचं प्रेम वगैरे नंतर आलं. आधी शहराला तहान लागली होती.

सोबत पप्पा होते. पप्पा महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते, आता रिटायर झालेत. चावीवाला म्हणजे काय हे मुंबईबाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्याकडे पाणी सगळीकडे एकदम येत नाही, शहराचे छोटे छोटे भाग पाडलेत, प्रत्येकाची वेळ वेगळी, कुठे पहाटे साडेचार, कुठे दुपारी, कुठे रात्री अकरा, आणि त्या त्या वेळेला रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडून लांब लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस म्हणजे चावीवाला. अख्खी नोकरी पप्पांनी हे केलं. भांडुपला आमच्या घराच्या वर डोंगर दिसायचा, त्या डोंगराच्या पायथ्याशी भांडुप कॉम्प्लेक्स, जिथे मुंबईचं बहुतेक पाणी शुद्ध होऊन पुढे जातं, आणि पप्पांना तिथून खाली कुठली लाईन कुठून जाते, कुठे प्रेशर पडतं, कुठल्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचायला किती मिनिटं लागतात हे तोंडपाठ. पण डोंगराच्या आत ते कधी गेले नव्हते. भांडुपच्या बाजूने आत जायला रस्ताच नाही, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना झोप हवी असायची.

मी म्हटलं चला. ते म्हणाले झाडं तर गावाला पण आहेत गो, संगमेश्वरला काय कमी झाडं आहेत. मी सांगितलं गाईड असतो, हळू चालतात, तुमच्या गुडघ्याला त्रास होणार नाही. शेवटी आले.

सकाळी साडेसातला गेटवर जमलो. दहिसरचं एक मास्तर जोडपं, कॉलेजची चार-पाच मुलं, एक आजी आणि त्यांचा नातू, एक बाई नुसत्या पक्ष्यांसाठी आलेल्या, गळ्यात दुर्बीण. आमची गाईड तिथल्याच एका पाड्यातली वारली मुलगी होती, आम्ही सगळे तिला ताई म्हणत होतो, आजीसुद्धा. मिनीबसने कान्हेरीच्या पायथ्याशी आणि तिथून पायी. ताईने सुरुवातीलाच सांगितलं की आज आपण लांब चालणार नाही, थांबणार जास्त. माझ्या मते गाईड घेण्याचा खरा फायदा हाच आहे. आपण एकटे गेलो की टोक गाठायच्या मागे लागतो, आणि जंगलातलं बघण्यासारखं बहुतेक सगळं गुडघ्याच्या खाली असतं.

कान्हेरीला शंभराच्या वर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं हे खोदकाम चालू होतं. सगळे लोक तीन नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात जातात, व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात, आम्हीही गेलो, आणि त्या मूर्ती बघून खरंच गप्प व्हायला होतं. पण ताईने आम्हाला तिथून बाहेर आणून एका साध्या, नाव घ्यायलाही कुणी थांबणार नाही अशा विहारासमोर, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्यासमोर, उभं केलं आणि म्हणाली वर बघा. वर कातळात बोटभर खोलीची पन्हळ खोदलेली. ती तिरकी खाली येते आणि दाराच्या बाजूला एक चौकोनी तोंड आहे, तिथे संपते. आत काळोख आणि पाणी. पोढी. म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. जवळजवळ प्रत्येक विहाराला आपापली पोढी आहे, डोंगरावर पडलेला पाऊस पन्हळीतून पोढीत, आणि मग आठ महिने तेच पाणी. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी इथे लेणी आणि पाण्याची टाकी दान दिली आणि तसं दगडात कोरून ठेवलं, कुणी काय दिलं ते आजही वाचता येतं.

पप्पा त्या पोढीपाशी बसले आणि उठेचनात. हात आत घालून काठ चाचपत होते. मग मला म्हणाले, उतार बघ. पन्हळीला उतार किती दिलाय बघ, जास्त दिला असता तर पाणी उडालं असतं, कमी दिला असता तर माती साचली असती. मी आजवर त्यांच्या तोंडून एखाद्या देवळाचंसुद्धा इतकं कौतुक ऐकलं नव्हतं. कॉलेजची मुलं पण मग उतार बघायला लागली. कुणा अनोळखी माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी केलेलं काम माझ्या बापाने त्याच खात्यातल्या माणसाचं काम असल्यासारखं बघितलं, आणि मला तो दिवस त्या एका गोष्टीसाठीसुद्धा पुरला असता.

तिथून वरच्या बाजूला चढलो. हस्ताचा पाऊस म्हणजे मधेच धो धो आणि मधेच लख्ख ऊन, त्यामुळे वाट चिकट आणि हवा दमट, आणि हिरवा रंग इतका की डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. मास्तरांनी विचारलं हे रेनफॉरेस्टच म्हणायचं ना. ताई म्हणाली पूर्ण नाही. हे पानगळीचं जंगल आहे, ओलं पानगळी, कारण आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि मग आठ महिने थेंब नाही, मग साग, ऐन, हेद, पळस ही झाडं उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवतात. मार्चमध्ये याल तर हेच डोंगर तपकिरी दिसतील. पण ओढ्यांच्या घळीत, जिथे ऊन कमी आणि ओल जास्त, तिथे बारा महिने हिरवे राहणारे तुकडे आहेत, निमसदाहरित. अशा एका घळीत आम्हाला नेलं तर पाच पावलांत हवा बदलली. थंड. वर जांभळं आणि उंबरं एकमेकांत गेलेली, खोडांवर शेवाळ, दगडांतून पाणी नुसतं घाम फुटल्यासारखं पाझरतंय, त्यात बोटाच्या पेराएवढे खेकडे. दुर्बीणवाल्या बाईंना तिथे शीळ ऐकू आली, अगदी एखाद्या पोराने वाटेवरून जाताना सहज शीळ घालावी तशी, आणि त्या कुजबुजल्या, शीळकरी कस्तूर. दिसला नाही.

ऐनाच्या खोडाला हात लावून बघायला सांगितलं ताईने. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन पडलेली. म्हणाली या झाडाच्या पोटात पाणी असतं, उन्हाळ्यात जुन्या खोडाला फुगवटा दिसला की आमची म्हातारी माणसं सांगायची इथे आहे. पप्पांनी लगेच विचारलं किती निघतं. ती म्हणाली आता कुणी काढत नाही काका, झाडाला जखम करायला बंदी आहे आणि बरोबरच आहे, पण माझ्या आजोबांनी प्यायलंय.

कारवीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. कारवी म्हणजे उतारांवर दाट वाढणारं झुडूप. इथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, 2008, 2016, 2024, म्हणजे आता पुढची 2032. फुलून झाली की अख्खी पिढी मरते. आम्ही गेलो तेव्हा उतारच्या उतार वाळक्या काठ्यांचे उभे होते आणि त्यांच्या पायाशी नवीन रोपांची दाट हिरवी गर्दी, कारण वाळलेली बोंडं पहिल्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटतात आणि बी उडतं. ताईच्या आजीचं घर कारवीच्या कुडाचं होतं, वरून शेणमातीचा लेप. पण ताईला सांगायचं होतं ते वेगळंच. ती म्हणाली ही काठी उतार धरून ठेवते. कारवी नसती तर ही माती केव्हाच खाली गेली असती.

आणि मग तिने तो बाटलीचा प्रयोग केला, जो मी त्यानंतर भेटेल त्याला सांगत सुटलेय. पायवाटेवर, जिथे येऊन-जाऊन माती घट्ट झालेली, तिथे तिने अर्धी बाटली पाणी ओतलं. पाणी लगेच पळालं, चहाच्या रंगाचं होऊन, बाजूच्या चरात. मग दोन हात पलीकडे झाडाखाली पाचोळ्यावर उरलेली अर्धी बाटली ओतली. काहीच झालं नाही. पाणी गेलं. नातवाने पाचोळा उचलून बघितला तर खाली नुसती ओली काळी माती. बस एवढंच. तिने भाषण दिलं नाही, पण पप्पांनी दिलं. म्हणाले, पावसाळ्यात लोकांच्या कंप्लेंट यायच्या पाणी गढूळ येतं म्हणून, आम्ही लाईनमध्ये फॉल्ट शोधायचो. लाईनमध्ये फॉल्ट असतोही, गटाराच्या बाजूने जाणारी गंजकी लाईन असेल तर घाण शिरतेच. पण तलावाच्या वरचा डोंगर बोडका असेल ना, तर गाळणीने किती गाळणार. इथे वरच गाळून येतंय. पानावर थेंब फुटतो, पाचोळ्यात मुरतो, मुळांच्या वाटेने कातळाच्या भेगांत उतरतो आणि पाऊस थांबल्यावरसुद्धा महिनोन् महिने ओढ्याला थोडं थोडं येत राहतं. पप्पा म्हणाले हा डोंगर व्हॉल्व्ह अर्धा बंद करून बसलाय.

दुपारच्या सुमारास वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर पोचलो. मुंबईतली सगळ्यात उंच जागा जांभूळमाळ याच डोंगरांत आहे, साडेचारशे मीटरच्या वर, आम्ही तिथपर्यंत गेलो नाही, पप्पांचा गुडघा आणि आजी दोघांचा विचार करून ताईने आधीच थांबवलं. पण ढग थोडे बाजूला झाले आणि खाली तुळशी तलाव दिसला, त्याच्या पलीकडे विहार तलावाचा एक तुकडा. चारी बाजूंनी जंगल आणि मधे पाणी, आणि त्याच्या मागे लगेच, अगदी लगेच, टॉवर.

इथे थोडा इतिहास सांगते. 1860 च्या आधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी.पी. टँक, ही नावं आपण बसच्या पाटीवर वाचतो ते त्या काळचे शहराचे पाणवठे. माणसं वाढली, तळी घाण झाली आणि 1854 च्या सुमारास तर शहरात पाण्याची मोठी टंचाई झाली. मग मिठी नदीच्या उगमाकडची ही दरी अडवून विहार तलाव बांधला, 1860 मध्ये तो तयार झाला आणि मुंबईला पहिल्यांदा लांबून पाईपने पाणी आलं. पुरलं नाही म्हणून 1879 मध्ये तुळशी. आणि एकदा तलाव झाला की त्याच्या वरच्या उतारावर वस्ती, शेती, गुरं काही नको, पाणी खराब होईल, म्हणून तो सगळा भाग राखला गेला. खाली शहर वाढत गेलं आणि वर हात लावता येत नव्हता. पुढे आजूबाजूचं जंगल जोडत जोडत आज नॅशनल पार्क साधारण 104 चौरस किलोमीटर आहे, वसईच्या खाडीपलीकडच्या नागला ब्लॉकसकट. बिबटे आहेत ते त्या राखलेल्या उतारांवर. बिबट्यांवर इतकं लिहिलं जातं की मी त्यात भर घालत नाही, फक्त एवढंच की पन्नासेक बिबटे अशा शहराच्या पोटात जगतायत याचं श्रेय मी त्या तलावांना देते.

पप्पा सड्यावर उभं राहून सात तलाव म्हणायला लागले. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. पाणी खात्यातली माणसं हे देवाची नावं घ्यावीत तसं म्हणतात, जूनपासून रोज सकाळी पेपरात पातळी बघत. सातही भरले तर 14,47,363 दशलक्ष लिटर. त्यात विहार 27,698 आणि तुळशी 8,046. म्हणजे दोन्ही मिळून अडीच टक्केसुद्धा नाही. कॉलेजमधला एक मुलगा म्हणाला मग आता यांची तशी गरज नाही ना. पप्पा चिडले नाहीत पण आवाज चढला. म्हणाले, तुळशी भरला की विहारमध्ये जातो, विहार भरला की मिठीत. 26 जुलैला, 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला एका दिवसात, मी ड्युटीवर होतो, कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलो दुसऱ्या दिवशी. हे डोंगर बोडके असते आणि हे तलाव नसते तर ते सगळंच्या सगळं एकदम खाली आलं असतं, मग काय झालं असतं विचार कर.

मला त्यात एक वेगळीच गोष्ट टोचत राहिली. त्या काळी पाण्यासाठी दरी बुडवली पण वरचं जंगल राखलं. आता शहराची तहान शंभर किलोमीटरवर गेलीये आणि पालघर जिल्ह्यात गारगाई धरण व्हायचंय, त्यात लाखो झाडं जायची आहेत आणि माणसांची गावं उठायची आहेत. इकडे याच डोंगराच्या खालून बोगदे चाललेत, गोरेगाव-मुलुंड, ठाणे-बोरिवली. मला ट्रॅफिकचा त्रास कळतो, मी रोज त्यातून जाते. तरी सड्यावर उभं राहून खाली बघताना वाटलं की आपण या डोंगराकडून मागतोच आहोत आणि एकदाही त्याला विचारलेलं नाही.

जेवण ताईच्या पाड्यात होतं, तिथल्या बायकांचा गट ट्रिपवाल्यांसाठी करतो. तांदळाची भाकरी, उडदाचं पिठलं, लाल भोपळ्याची भाजी आणि तीळ-लसणीची चटणी, आजींनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड बाजूलाच. हात धुवायला गेलो तर बादलीत पाणी आणि एकच तांब्या. पप्पांनी सवयीने नळ शोधला. नाही.

ताईने सहज सांगितलं, नळ नाही काका आमच्याकडे. विहीर आहे, मार्चपर्यंत पुरते, मग बोअरिंग, ते मे मध्ये आटतं, मग टँकर किंवा खालून डोक्यावर. तुळशी तलाव तिथून किती, पाऊण तास चालायचं. मुंबईला पहिलं पाईपचं पाणी याच डोंगराने दिलं, ताईची माणसं त्याही आधीपासून इथे आहेत, आणि त्यांच्या घरात नळ नाही.

पप्पा जेवता जेवता थांबले. मग त्यांनी जे विचारायला सुरुवात केली ते मी लिहून ठेवायला हवं होतं इतकं बारीक होतं. जवळची मेन लाईन कुठे आहे. पाडा त्या लाईनपेक्षा किती उंचावर. घरं किती. अर्ज कधी केला होता का, कुणाच्या सहीने, जमीन वनखात्याची म्हणून परत आला का. ताईला सगळं माहीत होतं, दोन वेळा अर्ज गेलेला, दोन्ही वेळा ना-हरकतीवर अडकलेला. पप्पा म्हणाले 2014 ला हायकोर्टाने सांगितलंय, घर अनधिकृत असलं तरी माणसाला पाणी द्यावं लागतं, आणि तुम्ही तर मूळचे. त्याचा कागद जोडला होता का? नव्हता जोडला.

दुपारनंतर दहिसर नदीच्या काठाने चाललो. ही नदी पार्कातच उगम पावते, आत तिचं पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत, आणि गेटबाहेर पडल्यावर तबेले, गटारं, प्लास्टिक घेत ती मनोरीच्या खाडीला जाते. ते मला फार वेळ बघवलं नाही. नातू पाण्यात पाय सोडून बसला होता, दुर्बीणवाल्या बाईंना खंड्या दिसला, कॉलेजची मुलं शांत झाली होती. पप्पा आणि ताई सगळ्यांच्या मागे, बोलत. एका दगडावर बसून पप्पांनी ट्रिपच्या माहितीपत्रकाच्या पाठीमागे पाड्याचा नकाशा काढून घेतला, विहीर इथे, शाळा इथे, चढ असा.

जायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, सोमवारी पार्क बंद असतं, आणि आतल्या वाटांवर परवानगी आणि गाईडशिवाय जाऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

अर्ज तिसऱ्यांदा गेलाय, हायकोर्टाच्या निकालाची प्रत लावून. पप्पा आता दर आठवड्याला ताईला फोन करतात, कुठल्या टेबलावर आहे, कुणाला भेटली, काय म्हणाले. टेकडीवर पाणी चढवायचं तर छोटा पंप आणि वर एक टाकी लागेल, त्याची जागापण दोघांनी ठरवलीये. पप्पांचं म्हणणं दोन इंचाची लाईन पुरे, ताई म्हणते घरं वाढलीत काका, तीनची मागू, आणि काल रात्रीपर्यंत तरी ती ऐकायला तयार नव्हती.